लाइनीला एकच टोकन

(कपडे शिवायचा कारखाना. जेवणाची सुट्टी संपत आलेली. जिन्याखाली दोघीच: कॉलर लावणारी भावजय आणि तिच्याच लाइनीची सुपरवायझर असलेली थोरली नणंद.)

भावजय : हळू बोला ना ताई, वर कटिंगवाले जेवायला बसलेत.

नणंद : मग तू हळू बोल, पण बोल तरी! सकाळपासून नुसती चुळबुळ. तीन कॉलरी उलट्या लावल्यास. मास्तर मला विचारतो, तुमच्या भावजयीला झालंय काय?

भावजय : आग होतेय. बसवत नाही. काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले.

नणंद : आणि मला आत्ता सांगतेस? छोटूला तरी सांगितलंस?

भावजय : यांनाही नाही सांगितलं. कुठं दुखतंय म्हणून सांगू?

नणंद : बरं, काय म्हणाल्या?

भावजय : आधी ओरडल्या. जंतू झालेत, कातडी सोलवटलीय. एकावर एक दोन पॅड लावून दिवसभर बसता, हे कुणी शिकवलं म्हणाल्या.

नणंद : माझं नाव सांगितलंस?

भावजय : नाही हो. कारखान्यात सगळ्याच करतात म्हटलं.

नणंद : करतातच! वरचं भिजलं की ओढून काढायचं, खालचं कोरं. मिनिटात परत मशीनवर. इतकी वर्षं मी तेच केलं, मला काही धाड भरली नाही.

भावजय : खालचं कोरं नसतंच म्हणे. घाम, ओल, सगळं कोंदतं. त्यात ते वासाचं पॅड. त्या वासानंच आग होते कुणाकुणाला.

नणंद : ते फुलांचं चित्र असलेलं? छोटूनं हौसेनं आणलेलं?

भावजय : दुकानातलं सगळ्यात महाग आणलं बिचाऱ्यांनी. आणि मी तरी काय कमी! अंगाला वास येतो असं वाटून रोज आतून साबणानं धूत होते. ती शेजारची ओव्हरलॉकवाली नाक मुरडते असं वाटायचं. धुतलं की वास वाढायचा, वाढला की आणखी धुवायचं.

नणंद : अगं बाई! आतून साबण?

भावजय : स्वच्छ राहावं म्हणून! आतलं आपलं आपण स्वच्छ होत असतं म्हणे, तिथं हात लावायचा नाही. बाहेरून साधं पाणी, बस्स. माझ्या स्वच्छतेनंच माझा घात केला, ताई.

नणंद : गोळ्या दिल्यात ना? मग घे मुकाट. बरं होईल.

भावजय : होईल. असंच बसले तर पुन्हाही होईल. आणि दुर्लक्ष केलं, वर चढलं, तर गर्भपिशवीला सूज येऊ शकते. मग दिवस राहायला त्रास. आमचं आधीच... तुम्हाला माहितीये.

नणंद : गप. तसलं बोलू नकोस.

भावजय : म्हणून तर मागतेय. साधं, बिनवासाचं वापरेन, एकच लावेन. पण चार-पाच तासांनी बदलायला हवं. या दिवसांत मला संडासला जायचं टोकन एकदा जास्त द्या.

नणंद : टोकन काय माझ्या घरचं आहे? लाइनीला एकच टोकन, बाया तीस. ते हातात असल्याशिवाय दारातून बाहेर सोडत नाहीत. तू उठलीस की तुझ्या मशीनवर ढीग, आणि पुढची हातावर हात ठेवून बसलेली. मास्तरला केबिनच्या काचेतून सगळं दिसतं.

भावजय : एकदाच, ताई.

नणंद : काजवाल्या काकूंना दिलं होतं एकदा जास्त. लघवीचा त्रास होता त्यांना. महिन्याच्या आत घरी बसवलं. आणि तू तर माझी भावजय. लाइन काय म्हणेल? घरच्यांची चैन, बाकीच्यांचे हाल.

भावजय : मग मास्तरांनाच सांगा ना, काय ते कारण.

नणंद : गेले होते, काकूंच्या वेळी. 'बायकांचा त्रास आहे' एवढंच म्हटलं, तर कानापर्यंत लाल झाला मेला. म्हणतो, ते तुमचं तुम्ही बघा. आता काय बघायचं आमचं आम्ही? दार त्याचं, टोकन त्याचं.

भावजय : तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नणंद : सुट्टीत बदलत जा. मी रांगेत पुढं घेईन तुला.

भावजय : आत्ता सुट्टीच आहे ना? तिथूनच आले. दोन संडास, त्यातल्या एकाची कडी मोडलेली. नंबर लागला नाही.

नणंद : म्हणजे सकाळचंच...?

भावजय : सकाळचंच.

नणंद : देवा! काय करू गं मी तुझं? तुला इथं लावलं तेव्हा छोटूला म्हटलं होतं, माझ्या नजरेसमोर राहील, काळजी करू नकोस.

भावजय : तुमचा काय दोष?

नणंद : बरं, ऐक. त्या डॉक्टरीणबाई... माझ्या वयाच्या बाईला तपासतात का?

भावजय : ताई? तुम्हालाही...?

नणंद : घंटा झाली. ऊठ.

भावजय : किती दिवसांपासून? आणि मला म्हणता, धाड भरली नाही! तुमच्या तर गळ्यातच असतं ना टोकन दिवसभर?

नणंद : असतं ना. पण मीच ते घेऊन गेले, तर मागणारीला काय देऊ?