हवेत आवळलेले बोल्ट

पंक्चर काढायला आलेल्या बाईंना गॅरेजच्या बाकावर बसून निवांत वाचायचं होतं. पण समोरच्या गाडीखाली, खड्ड्यात उतरलेला मेकॅनिक वर उभ्या गाडीवाल्या पोरावर असा करवादत होता की एकच पान त्यांचं चारदा वाचून झालं. शेजारच्या आजी मात्र ढिम्म.

"बोल्ट कधी आवळलेस?"

"नव्या बुटक्या स्प्रिंग बसवल्या आणि लगेच आवळले, काका."

"गाडी जॅकवर असतानाच?"

"मग? खाली टेकवल्यावर शिरणार कुठून?"

"अरे शहाण्या, चाकं लोंबकळत होती तेव्हा! तसंच आवळलंस आणि मग गाडी टेकवलीस. सांध्यांतलं रबर पिळलं गेलं सगळं. कुरकुरणार नाही तर काय गाणार?"

"व्हिडिओत हे नव्हतं."

"मग त्या व्हिडिओवाल्याकडेच जा! चांगल्या गाडीला जमिनीवर सरपटायला लावायची हौस तुम्हाला."

"हौस नाही, काका. आईचे गुडघे गेलेत. उंच गाडीत चढताच येत नव्हतं."

पान्याचा आवाज थांबला.

"आता चढतात?"

"आता आवाजाला घाबरते. म्हणते, या मोडक्या गाडीतून मी दवाखान्यात यायची नाही."

"आहेत कुठे?"

"ती काय, बाकावर."

"बोल्ट सैल केलेत मी. त्यांना पुढच्या सीटवर बसव. रोजचं वजन पडू दे, मगच आवळतो."

आजी उठल्या. कुणाचा हात न धरता सीटवर टेकल्या.

"बसले हो, मिस्त्री. आता पोरावर ओरडणं पुरे."

"हलू नका, आजी. ओरडणं बाकी आहे अजून."