दोन सेकंद थांब

(सकाळ. घराच्या माडीवरची खोली. दोन टेबलं, तीन स्क्रीन.)

धाकटा : परत तेच! पायथन दोन सेकंद, गो दोन सेकंद, रस्टसुद्धा दोन सेकंद! ताई, मला वेड लागणार.

ताई : लागलंय. मघापासून खुर्चीवर उभा आहेस.

धाकटा : अगं, पंधरा दिवस रक्त आटवलंय! तुझा सात वर्षांपूर्वीचा पायथन भाषेतला प्रोग्राम गो भाषेत लिहिला, मग रस्टमध्ये लिहिला. रस्ट म्हणजे वारा, म्हणे! आणि नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं पान उघडायला तिघांनाही दोनच सेकंद?

ताई : उद्या दहाला तिकीटविक्री. या वेळी साइट कोलमडली तर दुसऱ्यांना काम देणार, असं व्यवस्थापकांनी तोंडावर सांगितलंय. खाली उतर आणि नीट बघ.

धाकटा : बघतोय की! तुझाच नियम ना, आधी ओळीला ओळ उतरवायची, अक्कल नंतर चालवायची? उतरवली. ही 'दोन सेकंद थांब'सुद्धा उतरवली.

ताई : काय उतरवलीस?

धाकटा : 'दोन सेकंद थांब.' शेजारी तूच लिहिलंयस, 'काढू नये'. नाही काढली! अगं, हसतेस काय पोट धरून?

ताई : बाबांचं कासव! पान उघडेपर्यंत स्क्रीनवर चालतं ना, ते चित्र त्यांनीच रंगवलेलं. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पान झटकन उघडलं. "दिसलंच नाही गं," म्हणाले. तोंड एवढंसं झालं त्यांचं. म्हणून घातली ती ओळ. आणि साफ विसरले!

धाकटा : म्हणजे हजार माणसं आली की हजारही जण दार अडवून कासव बघत उभे! आणि आपण भाषेच्या नावाने बोटं मोडतोय! थांब, काढतो. चाचणीसाठी हे सोडले हजार जण एकदम. पायथन दीड सेकंद, धापा टाकतंय. गो चाळीस मिलिसेकंद. रस्ट तीस! नाच, ताई, नाच!

ताई : नाचते, पण गो घ्यायचं.

धाकटा : रस्ट पहिलं आलंय!

ताई : तुझं रस्ट मला ओ की ठो कळत नाही. उद्या तू तापाने फणफणलास तर दहा मिलिसेकंदांसाठी मी देव पाण्यात घालून बसू? गो मला वाचता येतं.

धाकटा : बरं बाई, गो. पण नाचायचं कबूल केलंयस!

बाबा : (जिना चढून येत) अरे, कसला धिंगाणा? खाली छत हादरतंय.

धाकटा : बाबा, तुमचं कासव सापडलं! सात वर्षं सगळ्यांना अडवून बसलं होतं, ताईच्या कृपेने!

बाबा : माझ्यासाठी थांबवलंस? एवढ्या लोकांना?

ताई : तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आता मात्र काढावं लागतंय, बाबा. माझ्याच जिवावर आलंय.

बाबा : काढ की. तिकिटाच्या कोपऱ्यात जागा असली तर तिथे बसव. पोचलेलं.

ताई : दोनच सेकंद दिसायचं हो ते.

बाबा : दोन? जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या गं मी. एवढा वेळ कुणी बघितलं नव्हतं.