माश्यांना न सांगता

(इंग्लंडमधलं एक ओसाड खेडं. युद्धाच्या काळात सैन्याने सरावासाठी रिकामं करून घेतलं, ते कायमचंच. जुन्या रहिवाशांसाठी वर्षातून एक रविवार उघडतात. छप्पर उडालेल्या घरात साठीचा रूबेन, त्याची धाकटी बहीण हेस्टर आणि ड्यूटीवरचा तरुण कॅप्टन. हेस्टरच्या हातात आईच्या रक्षेचा डबा.)

रूबेन: तुम्ही माझ्या आईला फसवलंत. साध्या शब्दांत सांगतो, म्हणजे वर कळवताना अडखळायला नको.

कॅप्टन: मिस्टर लव्हेल, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

रूबेन: मग तुमच्या खुर्चीने फसवलं. माणसं बदलतात, खुर्ची तीच ना? ‘युद्ध संपलं की घरी या,’ ही खुर्चीच म्हणाली होती. संपलं युद्ध. पुढे?

हेस्टर: रूबेन, आवाज खाली. साहेब, आमचं मागणं एवढंच, आईला बाबांशेजारी पुरू द्या. ते तिथे, चर्चच्या मागे आहेत. हातभर खड्डा पुरेल.

कॅप्टन: परवानगी नाही, मॅडम. जमिनीत न फुटलेले गोळे आहेत.

रूबेन: टाकले कुणी? माझ्या बापाने?

हेस्टर: तुम्ही उभे आहात ना, तिथे आमची लोखंडी चूल होती. निघायच्या आदल्या दिवशी आई ती काळं पॉलिश लावून घासत बसली. फरशी धुतली, खिडक्या पुसल्या. म्हणाली, ‘सैन्यातली पोरं राहायला येतील. घर घाणेरडं दिसायला नको.’

रूबेन: आली पोरं. जिन्यातून तोफगोळा आरपार.

कॅप्टन: मला खरंच वाईट वाटतं.

रूबेन: वाटू द्या. फुकट असतं ते.

हेस्टर: मागे नासपतीखाली मधमाश्यांच्या पेट्या होत्या.

रूबेन: ते नको काढूस, हेस्टर.

हेस्टर: का नको? ऐकू देत. साहेब, आमच्याकडे घरात कुणी गेलं, कुणी घर सोडलं, की माश्यांना सांगावं लागतं. दाराची किल्ली पेटीवर हळूच वाजवायची आणि सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसून जातात, आणि घरही बसतं.

कॅप्टन: माझी आजी सांगायची असं काहीतरी.

हेस्टर: बाबा गेले तेव्हा आईनेच सांगितलं. पेट्यांना काळी फीत बांधली. पण गाव सोडताना शेजारची मिसेस पूक म्हणाली, ‘अगं, माश्यांना सांग,’ तर आई हसली. ‘परत येणाऱ्याने काय सांगायचं? नाताळला घरीच आहोत.’ आणि चढली ट्रकमध्ये.

रूबेन: तुमच्या शब्दावर विसंबून हसली ती.

हेस्टर: मग आम्हाला दिलेल्या सरकारी वसाहतीतल्या घरात रोज तेच. भांडी घासताना, मोजे विणताना. ‘माझंच चुकलं. माश्यांना सांगितलं नाही, म्हणून आपलं घर गेलं.’ जाताना सुद्धा तेच पुटपुटत होती.

रूबेन: ऐकलंत? लबाडी तुमची, आणि म्हातारी जन्मभर स्वतःला कोसत राहिली! तुम्हाला एक शिवी नाही. मी दिली तर मलाच दटावायची. ‘सरकार शब्द मोडत नाही, रूबेन.’

कॅप्टन: अर्ज करा. मी स्वतः शिफारस करतो.

रूबेन: केले अर्ज. त्यावर हा रविवार मिळाला, वर चहा-बिस्किटं. आता कुदळ आहे गाडीत.

कॅप्टन: मला तुम्हाला अडवावं लागेल.

रूबेन: अडवा की! बंदूक आहे ना तुमच्याकडे?

हेस्टर: तू गप्प बस जरा. पोरा, हा डबा धर. अरे धर, चावत नाही ती. दोन्ही हातांनी. हां.

कॅप्टन: मॅडम, हे माझ्या हातात नाही.

हेस्टर: आत्ता तर आहे. लंडनला विचारू नकोस, त्यांना आमचं विचारून झालंय. ‘युद्ध संपलं की घरी या’ म्हणाला होतात, ती आली आहे. घेतोस का घरात? हो की नाही, एवढंच बोल.