जळलेल्या उताराच्या वतीने

विश्वस्त मंडळाचे माननीय अध्यक्ष, आदरणीय प्रशासक साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांच्या बाई, बाईंचे यजमान डॉक्टर, उद्यानातले माझे सहकारी, आणि चहा येईपर्यंत बसणं ज्यांना भाग आहे असे सर्व सुजाण श्रोतेहो,

आरंभीच एक गंभीर तक्रार सभेपुढे ठेवतो. मला जी खुर्ची देण्यात आली, तिचा एक पाय उरलेल्या तिघांशी सहमत नाही. त्यामुळे मी मघापासून डोलतो आहे आणि प्रत्येक वक्त्याला मी मान डोलावतो आहे असा आपला समज झाला असेल. तो कृपया दूर करावा. प्रशासक साहेबांच्या भाषणाच्या वेळी मी जरा जास्तच डोललो. दोष खुर्चीचा.

सगळ्यांनी सांगितलं, बाईंनी हे उद्यान फुलवलं. अहो, कुठे फुलवलं? मागच्या उतारावरची सदाहरित झुडपं हे बाईंचं खातं. त्यांचं फूल बघायला चष्मा लागतो. बाईंनी फुलवलं नाही, तगवलं. या दोन क्रियापदांतला फरक ज्या संस्थेला कळत नाही तिने उद्यान चालवावं की मंडप भाड्याने द्यावेत, हे अध्यक्षांनीच ठरवावं.

या झुडपांची राहणी बाईंसारखीच. पान लहान, जाड, वरून मेणाचा हात फिरवल्यासारखं. भर दुपारी ते उन्हाला तोंड देत नाही, कड देतं. पाणी नसलं की झुडूप पानांची भोकं मिटून गप्प बसतं, पण पान टाकत नाही, कारण नवं पान करायला ऐपत लागते. मूळ मात्र खाली खाली जात राहतं. आणि आम्ही काय केलं? पाहुण्यांनी तक्रार केली की झुडपं मरगळलेली दिसतात, म्हणून ऐन उन्हाळ्यात त्यांच्यावर रोज फवारे सोडले. ज्याला उपास मानवतो त्याला पंगतीला बसवून वाढलं. मुळं कुजली, निम्मा वाफा गेला, आणि बैठकीत विचारणा झाली की बाईंच्या झाडांना साधं पाणी कसं पचत नाही.

त्यानंतर यंदाची आग. कुंपणापलीकडचं सुकं गवत पेटलं, वारा आमच्या दिशेने होता, दुपारभरात उतार काळा. दुसऱ्याच दिवशी मंडळाने दुःखाचा ठराव केला आणि त्याच बैठकीत हिरवळ आणि कारंजं मंजूर केलं. मयताला खांदा देतानाच खोलीला नवा भाडेकरू बघितला म्हणा ना. तेही अशा वर्षी, की उद्यानाच्या नळाला दिवसाआड पाणी.

बाईंनी बैठकीत शांतपणे सांगितलं, की या झुडपांचा जीव फांदीत नसतो. जमिनीखाली बुंध्याला लाकडाची गाठ असते, तिच्यात कोंबांचे डोळे झोपलेले असतात. वरचं जळालं की ते जागे होतात. काहींचं बी तर इतक्या टणक कवचाचं, की आगीची धग लागल्याशिवाय ते तडकतच नाही. एक पावसाळा थांबा, एवढंच त्यांचं मागणं.

“तोवर आम्ही पाहुण्यांना काय दाखवायचं, कोळसा?” असं प्रशासक साहेब म्हणाले. सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

आता आमच्या उद्यानाचा एक जुना रिवाज आहे, नव्या मंडळींसाठी सांगतो. प्रत्येक झाडाला तारेने पत्र्याची पाटी बांधलेली असते. झाड मेलं, हे फक्त खातेप्रमुखाने म्हणायचं, आणि ते तोंडाने म्हणायचं नाही, आपल्या हाताने पाटी काढून म्हणायचं. पाटी असेपर्यंत त्या झाडाला कुदळ लावता येत नाही, अध्यक्षांनाही. बाईंनी उतारावरच्या पाट्या आगीनंतर राखेतून शोधल्या, पुसल्या आणि जळक्या खुंटांना पुन्हा बांधल्या.

मग अचानक सर्वांना बाईंच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. शिल्लक रजा वापरा, घरच्यांना वेळ द्या, असं इतक्या प्रेमाने सांगण्यात आलं, की पावसाळ्यानंतरच्या निवृत्तीचा निरोप समारंभ पावसाळ्याआधीच उरकतो आहे. डॉक्टर मघाशी मला म्हणाले, “घरच्यांना वेळ द्या म्हणतात, घरच्यांना कुणी विचारलंय?” उद्या सकाळी उतारावर खोदाईचं यंत्र येणार आहे. बाईंनंतर खातं माझ्याकडे आहे, आणि पाट्या काढायचा हक्कही. म्हणजे आजच्या शाली, गुच्छ आणि हे प्रेम नेमकं कशासाठी, ते आपल्या ध्यानात आलंच असेल.

आज दुपारी मी उतारावर गेलो होतो. मला एक कोवळा कोंब दिसला असं सांगितलं तर टाळ्या पडतील. दिसला नाही. काळे खुंट आणि राख. बाई तिथेच होत्या. मी त्यांना सरळ विचारलं, खात्री आहे का?

बाई म्हणाल्या, “सगळ्यांची नाही. काही मेलीच असतील. पण कुठली, ते तुला आज सांगता येणार आहे का?”

नाही येणार. ज्याला येत असेल त्याने उभं राहून सांगावं, मी थांबतो.

कुणी उठलं नाही, हे सभेच्या लक्षात आणून देतो. तेव्हा नवा खातेप्रमुख म्हणून माझा पहिला निर्णय इथेच जाहीर करतो. पाऊस पडून जाईपर्यंत उतारावरची एकही पाटी निघणार नाही. यंत्र आलंच, तर चालकाला चहा देऊ.

बाई, तुम्ही दिलेल्या शिस्तीबद्दल आणि शिव्यांबद्दल आभार. त्यातली शिस्त कमी पडली तर शिव्या द्यायला जरूर येत जा. आयोजकांनी मला बोलू दिलं. पुढच्या वेळी बहुधा देणार नाहीत, म्हणून त्यांचे आजच आभार मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर जे कमी झालं त्याबद्दल क्षमा असावी.

आणि साहेब, पाट्या सोडवायला आज सकाळी आपल्या टेबलाच्या खणातली पक्कड मला दिली होतीत. ही घ्या. वापरली नाही.