वायरलेसवर सगळ्या बेटांनी ऐकलं ते

...आणि म्हणून तुम्ही कटबर्टची होडी करून थेट इथं आलात? आई, वर बघा जरा, डोलकाठीला पिवळा झेंडा दिसतोय ना? तुमचा लेक किनाऱ्यावरच्या कचेरीतून बेटावर उतरायचा शिक्का मारून आणेपर्यंत या बोटीवरनं कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचंही नाही – हे मी तुम्हाला सांगायचं? उभा जन्म तुमचा या कॅरिआकूच्या काठावर गेला. असू दे, चढलातच तर बसा. तिथं नको, ओलं आहे. इकडे, शिडाच्या सावलीत. आणि नेरिसाला घेतलंयत तर नीट धरा, ती हल्ली अंग मागं फेकते – हो, माहितीये तुम्हाला, पाच पोरं वाढवलीत तुम्ही. मी एकच वाढवतेय, आणि तेही मर्लमावशीच्या दुकानात बसणाऱ्यांच्या मते धड नाही.

काय ऐकलंत? नाही, सांगूच नका, मला तोंडपाठ झालंय. काल दुपारी मर्लमावशीच्या गल्ल्यामागचा वायरलेस अचानक बोलायला लागला, बाई ओरडत होती, कुणीतरी हुंदके देत होतं, मधूनच पोर रडत होतं, आणि दुकानातल्या सगळ्या रमच्या पेल्यांनी कान टवकारले – बरोबर? बटण अडकलं होतं, आई. बोलायचं बटण. आतल्या बाकावर गादीखाली तो माइक सरकला, त्यावर नेरिसाची दुपट्यांची पिशवी पडली, आणि आम्ही इकडून अख्ख्या समुद्राला आमचा संसार ऐकवत बसलो. कुणाला मध्ये बोलताही येईना, कारण वाट आम्हीच अडवून धरलेली! बेक्वेपासून ग्रेनाडापर्यंत जेवढ्या बोटी, तेवढे कान. आज सकाळी नांगर टाकला तर शेजारच्या बोटीवरची पांढऱ्या केसांची फ्रेंच बाई केळ्याचा केक घेऊन आली. केक! होडीतूनच माझा हात दाबला. तिच्या नवऱ्यानं तर एल्ड्रिककडे पाहून अशी मान हलवली, जसं काही याची बायको वारलीच. केक चांगला होता म्हणा. खाल्ला मी. सगळा.

तर – तुम्ही ऐकलंत ते खरंच आहे. कानवानच्या पुढं बेटाचा आडोसा संपला तसा वारा वाढला, आणि खालून प्रवाह उलटा, लाटा अशा जवळजवळ, की बोट एकीवरून उतरतेय तोवर दुसरी तोंडात. नेरिसा पडू नये म्हणून बाकाला लावलेली आडवी फळी निसटली आणि ती खाली घसरली. गाद्यांवर, आई, गाद्यांवर! बघा, अंगावर वळ आहे का? बघा ना, कपडे काढून बघा, तुम्ही त्यासाठीच आलायत. काही नाही. पण पडल्यावर ती लगेच रडली नाही – आणि तो जो मधला वेळ होता ना, पोर रडत नाही तो – तो तुम्हाला वायरलेसवर ऐकू आला नसणार. त्याला आवाज नसतो.

ओरडत मीच होते. हो. "शीड उतरव, बाहेर ये, वर ये आधी" – आणि आणखी जे काही म्हणाले ते म्हणाले, मास्तरीण असताना वर्गात कधी तोंडातून काढलं नव्हतं. मर्लमावशी म्हणत असेल, भूगोल शिकवायची म्हणे ही, शिव्यांचाच दिसतोय. म्हणू दे. सुकाणू माझ्या हातात होतं, एक हात त्याला आणि एक पाय कठड्याला, आणि वरनं आतलं काहीच दिसत नव्हतं. मग मी काय कुजबुजायला हवं होतं?

आणि तुम्ही म्हणता, एवढी हुंदके देऊन रडत होतीस, तुला झेपत नाही, पोरीला वादळाचे महिने सरेपर्यंत माझ्याकडे ठेव. अहो, पण एकच बाई एकाच वेळी ओरडेल आणि हुंदकेही देईल, एवढा श्वास कुणाला असतो? मला तर जिना चढतानासुद्धा–

...नाही. काही नाही. तसं नव्हतं मला म्हणायचं.

बरं, मग घ्या. ऐकलंतच तर पुरतं ऐका. तो रडत होता. तुमचा एल्ड्रिक. बापाबरोबर विंडवर्ड गावच्या वाळूत ही बोट फळी-फळी करून बांधणारा. आत पोरीला छातीशी घेऊन तो खाली बसला, आणि उठेना. आणि मी बोट युनियन बेटाच्या आडोशाला आणली, एकटीनं, शिव्या देत. मी शब्द दिला होता त्याला की हे कुणाला सांगणार नाही, तुम्हाला तर नाहीच. तोंडावर हात ठेवू नका असा. बाप रडला म्हणून काय झालं? मला तर तो तेव्हा – जाऊ दे. तेवढं माझं राहू दे.

पण मला झेपत नाही म्हणू नका. कुठं झेपत नव्हतं, सांगू? तुमच्या घरात. हो, त्याच घरात, जिथं तुम्ही मला दोन्ही वेळ नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस भरवलात आणि पोरीला तेल लावलंत आणि मला ग्लाससुद्धा विसळू दिला नाहीत. सगळं सुरळीत होतं आणि मी पाळण्याशेजारी उभी राहून तिचा श्वास ऐकत होते. पंखा बंद करून ऐकत होते. छत पडेल वाटायचं, दूध घशात अडकेल वाटायचं, माझेच हात तिला खाली टाकतील वाटायचं – आणि तुम्ही म्हणायचात, अगं, कशाची भीती वाटते तुला इथं? कशाचीच नाही! तेच तर! जमिनीवर माझ्या भीतीला बसायला जागाच नव्हती, म्हणून ती घरभर फिरायची. इथं तिला जागा आहे. इथं लाट आली तर लाटेची भीती, वारा आला तर वाऱ्याची. लाट गेली की तीपण जाते. मग मी झोपते, आई. काल संध्याकाळी युनियनला नांगर टाकला आणि मी ओल्या कपड्यांनिशी, बूट घालून झोपले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा इतकी गाढ.

वेडी म्हणा. मलाही कधीकधी वाटतं तसं; मी काही फार खात्रीची बाई नाही. पण तुम्ही बाबांची वाट बघत किनाऱ्यावर जितकी वर्षं काढलीत, त्यात तुम्हाला किती झोप लागली, ते सांगा. सांगा ना. बाबा तर शेवटी खाटेवर गेले, तरी अजून वारा वाढला की तुम्ही खिडकीशी उभ्या राहता. मला नाही राहायचं खिडकीशी. आणि माझ्या पोरीलाही नाही उभं करायचं. समुद्र निवळला की आम्ही त्रिनिदादला जाणार, वादळांच्या वाटेबाहेर, तिघं. फळीला मी आज सकाळीच दोन खिट्ट्या ठोकल्यात. हात लावून बघा, हलते का.

तो बघा, निघाला किनाऱ्यावरनं. शिक्का मिळाला वाटतं, हात हलवतोय. आता तुम्ही जा. नाही, तो यायच्या आधी जा – कारण तुम्ही त्याच्यासमोर मागाल, आणि तो हो म्हणेल. कालपासून तो माझ्या नजरेला नजर देत नाहीये, तुम्ही आत्ता काहीही मागितलंत तर तो देईल, आणि मग जन्मभर आम्ही दोघं ते फेडत बसू. कटबर्ट, होडी लाव रे जवळ! आणि कान इकडे नको, वल्ह्याकडे!

द्या तिला. आई, द्या. मी खेचणार नाही, तुम्हीच द्या. हं. मुठीत तुमच्या गळ्यातली माळ आलीय, थांबा, सोडवते... झालं.

शिडीवर पाय जपून. आता खाली बसा. बसा म्हणते ना, होडीत उभं राहून कुणी भांडत नसतं. उद्या या जेवायला, तेव्हा हवं तितकं घ्या तिला. आज नाही.

दोर सोडतेय मी.