दोन विहिरींच्या पाळ्या

अरे, माझा प्रोग्राम आमच्या उमेळ्याच्या काकांनी दुरुस्त केलाय, खरंच! बारा कॉम्प्युटर एकाच गणिताला जुंपले होते मी, त्यातल्या पाचांचा वेगळा गट. बारांतल्या प्रत्येकाचा त्या पाचांच्या गटात कितवा नंबर, एवढंच प्रोग्रामने जुळवायचं. पण कॉम्प्युटर एकमेकांना पाठवतात ते निरोप पाचांतल्या पहिल्यावरच जाऊन तुंबायचे.

काका वाडीत केळींना पाणी सोडत होते. भावकीच्या दोन विहिरी, दोन्हींवर पाळ्या वेगळ्या, काकांना सगळ्या तोंडपाठ. मी विचारलं, "इथला एखादा त्या विहिरीवर नसेलच, तर?"

"तर त्याला तिथे नंबर नाही."

"माझ्या प्रोग्राममध्ये मी अशाला शून्य नंबर दिलाय."

"तुझी मोजणी कुठून सुरू होते?"

"शून्यापासून."

"म्हणजे ज्याची पाळीच नाही, त्याला तू पहिली पाळी दिलीस की रे!"

मी तिथेच केळीखाली बसून लॅपटॉप उघडला आणि त्या शून्याच्या जागी 'नंबर नाही' लिहिलं. काकांनी तोवर कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नव्हता.