वेल फ्रान्सचा, माती इटलीची

...नाही, मला एक सांगा, बाटली उघडली की प्यायची असते ना? की तासभर तिच्या तोंडाकडे बघत बसायचं? आमची ॲनिशा, माझीच पोर, बूच काढते आणि म्हणते, "पप्पा, हात लावू नका, वाइनला श्वास घेऊ द्या!" श्वास! अहो, गेले दोन महिने या घरात मला कुणी श्वास घेऊ दिलाय? का, तर हिला पाचूबंदरचा केविन पसंत! पोरगा चर्चला जातो, कबूल. जहाजावर शेफ आहे, कबूल. पण आपण निर्मळ गावचे वाडीवाले, ती मासेमार, बोटवाली माणसं! आमच्या पिढ्या केळीत गेल्या, त्यांच्या पाण्यात... जमायचं कसं? मी म्हटलं, नाही! तेव्हापासून मायलेकी माझ्याशी 'जेवायला चला' एवढंच बोलतात. आणि परवा एकदम ही बाटली! मला वाटलं, आली पोर वळणावर.

"पप्पा, वाइन इटलीची, पण द्राक्षं मूळची फ्रान्सची. काबेर्ने सॉव्हिन्यों, मेर्लो, काबेर्ने फ्रां. तिन्ही एकत्र केलीत." द्राक्षांची नावं की बाप्तिस्म्याची यादी? मी विचारलं, "फ्रान्सहून टेम्पो भरून आणतात?" "नाही हो, वेलच आणून लावलेत इटलीत!"

तुम्हाला सांगतो, मी गारच पडलो. वेल फ्रान्सचा, माती इटलीची! अहो, मी केळीवाला माणूस. माझ्या मेव्हण्याने आमच्या राजेळीचे कंद हौसेनं देशावर नेऊन लावले. केळी आली... बोटाएवढी, तीही रुसलेली! आणि इथे परक्या मातीत वेल नुसता जगला नाही, पार नाव काढलं त्यानं!

झाला एकदाचा तास. घेतला घोट. आणि... आणि काय सांगू! आपल्याला वाइन म्हणजे नाताळातली, मनुकांची, आमच्या कॅथरिनच्या बरणीतली. गोड. ही गोड नाही. आधी तुरट, मग जांभूळ, आणि मग... वाडीत पहाटे पाटाला पाणी सोडल्यावर येतो ना, तो वास! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आईशप्पथ! बायको बोंबील साफ करता करता म्हणते, "माझ्या वाइनला नाही कधी आलं ते पाणी!" पण मला भान कुठे? वेल फ्रान्सचा, माती इटलीची... मी आपला भरतोय ग्लास.

ॲनिशा हळूच म्हणते, "पप्पा, सुरुवातीला तिथल्या नियमात अशी वाइन बसतच नव्हती. बाहेरची द्राक्षं ना! मानाचा शिक्का मिळेना, साधी जेवणातली वाइन म्हणून विकावी लागली."

मी ताडकन उठलो! टेबलावर मूठ आपटली! "कोण ती गाढवं? एवढं छान रुजलंय, एकमेकांत मिसळलंय, आणि हे विचारतात मूळ कुठलं? अरे, चव बघा ना!"

कॅथरिन मान वर न करता म्हणाली, "सगळी गाढवं इटलीतच असतात असं काही नाही."

आणि पोर म्हणाली, "पप्पा, बाटली केविनने आणलीय."

मी ओरडलो, "परत करा! आत्ताच्या आत्ता परत करा ती!" ॲनिशाने बाटली उलटी धरली. थेंब नाही! मायलेकींनी घेतली घोट घोट, बाकी सगळी मीच रिचवली होती. आता काय करता? आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण!

म्हणून येत्या रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की चाललोय पाचूबंदरला. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात राजेळीचा घड. केविनच्या आईचा फोनसुद्धा आला. "व्याही, जेवनाला पापलेट करू का सुरमय?" मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि ही बाई मला व्याही म्हणते! म्हटलं, "दोन्ही करा. फक्त वाढण्याआधी मला जरा श्वास घेऊ द्या."